नाव असलेली झाडं



विषयाचं नाव पत्रिकेत वाचून काहींना प्रश्न पडला असेल. जगातली सर्वांत जुनी झाडं एकीकडे आणि मोबाइलवरचं चाहत्यांचं जग दुसरीकडे. एक पाच हजार वर्षं जागचं न हललेलं, दुसरं पाच सेकंदांत पुढं सरकणारं. यांची गाठ कुठं पडते? माझं उत्तर असं की ती बारामती-इंदापूरच्या रस्त्यावर पडते, आणि आज पडली नाही तर पुढं ती पाडायला झाडंच उरणार नाहीत.

आधी चाहत्यांबद्दल बोलू, कारण ते या सभागृहातच बसले आहेत.

बैलगाडा शर्यतींवरची बंदी उठली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली, १८ मे २०२३ रोजी शर्यतींचा कायदाही वैध ठरला. त्यानंतर आपल्या भागात काय झालं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मैदानं पुन्हा भरली. पण त्याहून मोठं मैदान मोबाइलमध्ये भरलं. बकासूर नावाचा बैल कुठल्या गटातून पळाला, सेमीला कोण जोडीला होता, फायनलला किती अंतरानं निघाला, हे आठवीतला मुलगा तोंडपाठ सांगतो. बैलाचा वाढदिवस होतो, केक कापला जातो, चौकात फ्लेक्स लागतो, नावाची सोशल मीडियावर पानं चालतात, गाणी होतात. घरातली जाणती माणसं म्हणतात, पोरं वाया चालली. मला तसं वाटत नाही. खिलार जातीचा बैल पोसणं परवडेनासं झालं होतं, त्या काळात या पोरांनी त्याला नाव दिलं आणि किंमत दिली. त्यांनी बैलाचा बाप कोण, आई कुठल्या दावणीची, हे पाठ केलं. प्रेमापोटी केलेली ही नोंदच नाही का? हसतखेळत केलेली, पण पक्की नोंद.

आणि ही रीत आपल्याकडं मोबाइलबरोबर आली असंही नाही. तुकोबारायांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. बेलवाडीला गोल रिंगण होतं, अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला झुंबड उडते. त्या अश्वावर जीव टाकणारी माणसं गावोगाव आहेत. खेळ आणि भक्ती यांच्यात आपल्या माणसानं कधी भिंत घातली नाही. मग त्याच रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या झाडांच्या वाट्याला हे प्रेम का आलं नाही?

हा प्रश्न इथंच ठेवतो आणि तुम्हाला जरा लांब नेतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागात व्हाइट माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंची, पाऊस जेमतेम, जमीन चुनखडीसारखी पांढरी आणि निकस. तिथं ब्रिसलकोन पाइन नावाची झाडं वाढतात. वाढतात म्हणायचं इतकंच. बुंधा पिळवटलेला, निम्म्याहून जास्त लाकूड वाळलेलं, सालीची एखादी पट्टी जिवंत आणि तिच्यावर चार हिरव्या फांद्या. पाहणारा म्हणेल, हे मेलेलं झाड आहे. १९५७ साली एडमंड शुलमन या संशोधकानं त्यांतल्या एका झाडात पोकळ गिरमिट घालून बारीक सळईएवढा नमुना काढला आणि वर्षाला एक याप्रमाणं कडी मोजली. झाड ४,७०० वर्षांच्या पुढचं निघालं. त्याला नाव मिळालं मेथुसेलाह, बायबलमधल्या सर्वांत दीर्घायुषी पुरुषाचं. हे झाड उगवलं तेव्हा सिंधू संस्कृतीची मोठी नगरं अजून बांधायची होती किंवा नुकती उभी राहत होती. ते झाड आजही आहे.

आता दुसऱ्या झाडाची हकिकत, आणि ती मी सावकाश सांगणार आहे. शेजारच्या नेवाडा राज्यात व्हीलर पीक नावाच्या शिखराखाली याच जातीची राई होती. त्या राईवर प्रेम करणारी काही माणसं होती. डोंगर चढून यायची, झाडांना भेटायची. त्यांनी मोठ्या झाडांना आवडीनं नावं ठेवली होती. एकाचं नाव सॉक्रेटिस, एकाचं बुद्ध, एकाचं प्रोमेथियस. आजच्या भाषेत ते त्या झाडांचे फॅन होते. १९६४ च्या उन्हाळ्यात डोनाल्ड करी नावाचा एक तरुण अभ्यासक जुन्या हिमनद्यांचा अभ्यास करायला तिथं आला. त्याला झाडांची वयं हवी होती. एका झाडावर गिरमिटानं काम भागेना, म्हणून त्यानं रीतसर परवानगी मागितली आणि वनखात्यानं ती रीतसर दिली. झाड कापलं. कडी मोजली, तर ती ४,८०० च्या पुढं गेली. माणसानं तोपर्यंत मोजलेलं सर्वांत जुनं झाड सापडलं होतं, आणि सापडता सापडता संपलं होतं. ते प्रोमेथियस होतं. पण करीच्या वहीत त्याचं नाव प्रोमेथियस नव्हतं. वहीत होतं डब्ल्यूपीएन-११४.

मंडळी, या गोष्टीत खलनायक कोणी नाही. विद्यार्थी कष्टाळू होता, अधिकारी नियमानं चालले. चाहत्यांनी नाव ठेवलं होतं, पण ते नाव कागदावर पोचलं नव्हतं. ज्या झाडासाठी परवानगीची सही झाली, ते वहीत एक नंबर होतं. नंबरावर सही करताना कोणाचा हात अडखळतो?

आता आपल्या रस्त्याकडं या. पाटसपासून बारामती, काटेवाडी, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेवरची वड-लिंबाची झाडं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना बुंध्यावरचा पट्टा आठवत असेल. खाली गेरू, वर चुना, आणि त्या पांढऱ्यावर रंगवलेला आकडा. प्रत्येक झाडाला आकडा होता. वारकऱ्यांनी शंभर वर्षं ज्यांच्या सावलीत भाकरी सोडली, त्या झाडांना आकडा होता आणि नाव नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पालखी महामार्गाची कोनशिला बसली. रस्ता चौपदरी झाला. रस्ता हवा होता, वारकऱ्यांनाही हवा होता. अपघात आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण कडेची जुनी झाडं गेली, आणि जाताना आकड्यानं गेली. कोणत्या गावाचं कोणतं झाड गेलं, हे नावानिशी सांगणारं एक पान तरी आपल्याजवळ आहे का?

नावानं फरक पडतो का, असं तुम्ही विचाराल. पडतो. पुराव्यादाखल सांगली जिल्ह्यात चला.

मिरज तालुक्यात भोसे गावाजवळ रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत यल्लम्मा मंदिराजवळचा एक वड आला. लोक त्याला चारशे वर्षांचा म्हणत. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, मोर्चे काढायची सोय नव्हती. मग पोरांनी फोटो टाकले, वडाच्या आठवणी टाकल्या, ज्यांनी तो कधी पाहिला नव्हता त्यांनीही पुढं पाठवल्या. बघता बघता तो ‘भोसेचा वड’ झाला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना लिहिलं आणि महामार्गाची आखणी बदलली. झाडानं पुढं किती वर्षं काढावी हा वाऱ्या-वादळाचा प्रश्न होता. पण त्या वर्षी करवत मागं फिरली ती नावामुळं.

त्याच वर्षी, फेब्रुवारीत, बीडजवळ पालवणला एक वृक्षसंमेलन भरलं होतं. अभिनेते सयाजी शिंदे आणि त्यांची सह्याद्री देवराई ही संस्था यांनी ते भरवलं. साहित्य संमेलनाला असतो तसा अध्यक्ष हवा, म्हणून अध्यक्षपद वडाला दिलं. दुष्काळी जिल्ह्यात, उघड्या माळावर, वड अध्यक्ष! मला ही कल्पना फार आवडली. खेळच तो, पण मनापासून मांडलेला खेळ. दोन दिवस पोरांनी, बायांनी, शेतकऱ्यांनी झाडांविषयी ऐकलं. आणि मेलबर्नचं ऐका. ऑस्ट्रेलियातल्या या शहरानं २०१३ मध्ये सुमारे ७० हजार झाडांना क्रमांक आणि ई-मेलचा पत्ता दिला. हेतू साधा होता, फांदी मोडली तर नागरिकांनी कळवावं. लोकांनी काय केलं? झाडांना पत्रं लिहिली. मनातलं लिहिलं, सावलीबद्दल आभार मानले, परीक्षेचं टेन्शन सांगितलं. नंबर देण्यात आला होता तक्रारीसाठी, माणसांनी त्यावरून नातं जोडलं.

इथं थोडं थांबतो, कारण याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल.

मेथुसेलाह नेमकं कुठलं झाड, हे अमेरिकेचं वनखातं सांगत नाही. पायवाट त्या राईतून जाते, पण झाडावर पाटी नाही. कारण प्रेमानं आलेला माणूससुद्धा सालीचा तुकडा खिशात घालतो, मुळांवर उभा राहून फोटो काढतो. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळच्या खिंडीत एक सिकॅमोर होता. सिनेमात दिसलेला, २०१६ मध्ये इंग्लंडचं ‘वर्षाचं झाड’ म्हणून निवडलेला, लाखो फोटोंतला. सप्टेंबर २०२३ च्या एका रात्री दोघांनी तो करवतीनं पाडला. एवढी प्रसिद्धी त्याला त्या रात्री उपयोगी पडली नाही.

लांबचं कशाला? उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि रील काढायला रीघ लागते. त्यातले किती जण दगडाला हात जोडतात आणि किती जण त्या नाजूक शिखरावर चढतात, ते तुम्ही पाहिलं आहे. भिगवणला, कुंभारगावला रोहित पक्षी येतात. त्यांच्या फोटोंनी आपल्या मच्छीमार बांधवांच्या होडीला नवा रोजगार दिला, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण फोटो जवळून हवा म्हणून होडी थव्यात घालायचा हट्टही त्याच फोटोंनी आणला. होडीवाला नको म्हणतो आणि पाहुणा जादा पैसे दाखवतो. म्हणजे चाहता पोसतोही आणि तुडवतोही. झाडाच्या बाबतीत तर फार जपायला हवं, कारण पक्षी उडून जाईल, झाड कुठं जाणार? वडाचं पोषण करणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, पसाऱ्याच्या खूप बाहेरपर्यंत असतात. दहा हजार पावलांनी ती माती दडपली की पाणी मुरत नाही, हवा शिरत नाही. झाड लगेच मरत नाही, म्हणून कोणावर आळही येत नाही.

आणखी एक धोका आहे, तो बोलण्यातला. आपल्याकडं कुठलाही मोठा वड दिसला की तो हजार वर्षांचा असतो. कोणी मोजला? पाइनची कडी मोजता येतात, कारण तिथं कडक हिवाळा असतो, वाढ दरवर्षी थांबते. आपल्या वडात तशी भरवशाची कडी सापडत नाहीत. त्यातून वड आतून पोकळ होतो, पारंब्यांचे खोड होतात आणि मूळ खोड नाहीसंही होतं. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मुख्य खोड बुरशीनं सडलं, ते १९२५ मध्ये काढून टाकलं. झाड मात्र हजारो पारंब्यांवर आजही पसरतं आहे. आपल्या संगमनेर तालुक्यातला पेमगिरीचा वडही असाच पसरलेला. कोणती पारंबी पहिली, ते आता ओळखू येत नाही. मग अशा झाडाचं वय कुठल्या खोडावरून धरायचं? म्हणून माझी तरुणांना हात जोडून विनंती आहे, हजाराचा आकडा टाकू नका. एका खोट्या आकड्यामुळं उद्या खरं जुनं झाडही अधिकाऱ्याला गप्पांतलं वाटतं. अडीचशे वर्षंसुद्धा थोडी नाहीत. बारामतीत अडीचशे वर्षांची चिंच असेल, तर ती मोरोपंत इथं आर्या रचत होते तेव्हाची आहे. पंत १७९४ मध्ये गेले. इंदापुरात सव्वाचारशे वर्षांचं झाड निघालं, तर त्याचं रोप मालोजीराजांच्या काळातलं. एवढं पुरेसं नाही का?

आणि जुनं म्हणजे मोठंच, हाही समज सोडू या. ब्रिसलकोन पाइन हळू वाढतो, लाकूड घट्ट धरतो, म्हणून टिकतो. सुपीक, ओल्या जागेतलं झाड झपाट्यानं वाढतं आणि लवकर पोकळ होतं. आपल्या दोन तालुक्यांत दोन्ही प्रकारची जमीन आहे. एकीकडं नीरा डाव्या कालव्याखालचा ऊस. दुसरीकडं सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आणि कडबनवाडीचा माळ, जिथं चिंकारा पळतो. माळावरचा खुरटा हिवर, वाकडी बोर, यांच्याकडं कोणी कॅमेरा वळवत नाही. उलट, माळ रिकामा दिसतो म्हणून आपण तिथं खड्डे खणून झाडं लावायला निघतो. तसं करू नका. माळाचं गवत हीच तिथली जुनी वस्ती आहे, आणि त्यात विरळ उभं असलेलं काटेरी झुडूप तुमच्या आजोबांपेक्षा वडील असू शकतं.

आता आपल्याकडं झाड कसं मरतं, ते जरा जवळून पाहू. ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटवतात. आग बांधापर्यंत जाते. बांधावरच्या लिंबाचा किंवा चिंचेचा बुंधा एका बाजूनं भाजतो. पहिल्या वर्षी साल काळी पडते. पुढच्या वर्षी ती साल सुटते आणि आतलं लाकूड उघडं पडतं. मग वाळवी लागते, पोकळी होते, आणि चौथ्या-पाचव्या पाचटाला आग त्या पोकळीत शिरून आतून धुमसत राहते. पावसाळ्यात वारा सुटला की झाड आडवं. गाव म्हणतं, वादळानं पडलं. वेशीतल्या वडाचं दुसरं मरण असतं. निधी येतो, पार बांधायचा ठराव होतो, बुंध्याला भिडवून सिमेंट ओततात, वर फरशी बसवतात. प्रेमानंच करतात हो! पण मुळाला पाण्याचा थेंब मिळत नाही. त्यावर पाट्यांचे खिळे, वायरींचे वेढे, आणि लोंबणाऱ्या पारंब्या ट्रकला लागतात म्हणून छाटलेल्या. पारंबी जमिनीला टेकू दिली नाही, तर वडानं म्हातारपणी भार कोणावर टाकायचा?

कायदा काय म्हणतो? जून २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं १९७५ च्या वृक्ष कायद्यात सुधारणेचा निर्णय घेतला. ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरलं. ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची. चांगलं पाऊल. पण तो कायदा नागरी क्षेत्रांचा आहे. बारामती आणि इंदापूर शहराच्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं की तो संपतो. वाडी-वस्तीवर १९६४ चा वृक्षतोड कायदा लागतो, म्हणजे प्रोमेथियस पडलं त्याच वर्षीचा. त्यात यादी झाडांच्या जातींची आहे, वयाची नाही. म्हणजे वडापुरी, बाभुळगाव, पिंपळी, कळंब अशी झाडांची आठवण नावात वागवणारी गावं आपली, आणि त्या गावांतलं म्हातारं झाड वयाच्या आधारावर उभं राहू शकत नाही.

पण एक वाट आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही बंधनकारक केली. कर्नाटकात देवनहळ्ळीजवळची नल्लूरची जुनी चिंचांची राई याच कायद्याखाली २००७ मध्ये देशातलं पहिलं जैविक वारसास्थळ ठरली. पुण्यातल्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये तो मान मिळाला. आपल्या गावातली ती नोंदवही कुठल्या कपाटात आहे, कोणी पाहिली आहे का?

मित्रांनो, तुम्ही बैलाची वंशावळ पाठ करता. तेच कसब मला इथं हवं आहे. गावातलं म्हातारं झाड निवडा. त्याला नाव ठेवा. मजेशीर ठेवलंत तरी चालेल, गावाच्या तोंडी बसलं पाहिजे. सुतळी छातीच्या उंचीवर बुंध्याभोवती फिरवा, टेपनं मोजा, आकडा तारखेसह लिहा. दरवर्षी त्याच दिवशी, त्याच जागेवरून एक फोटो काढा. फांदीवर चढू नका, पोकळीत दिवा-उदबत्ती लावू नका. गावातल्या सर्वांत वयस्कर आजीला विचारा, तिच्या लहानपणी झाड केवढं होतं, झोका कुठल्या फांदीला बांधायचे. उंबरावर, वडावर हरियाल कोणत्या महिन्यात येतात ते लिहा.

आणि ज्याच्या बांधावर झाड आहे, त्या शेतकऱ्याला दोषी धरू नका. झाडाच्या सावलीत उसाच्या चार सऱ्या खुरटतात, ते नुकसान तो एकटा सोसतो आणि सावली सगळ्यांची असते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी बजावलं होतं की आंबा-फणसासारखी झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात. आरमाराला लाकूड लागलं तरी जोरानं तोडू नये, धन्याला राजी करून मोल द्यावं. तीनशे वर्षांपूर्वी राज्याला हा हिशेब कळत होता. मग झाड राखणाऱ्याची घरपट्टी ग्रामपंचायतीनं माफ करावी, त्याच्या फडातलं पाचट पेटवण्याऐवजी कुट्टी करायचं यंत्र आधी त्याला द्यावं, असा ठराव का होऊ नये?

येत्या १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. हा विषय पत्रिकेवर घ्यावा, असा दोन ओळींचा अर्ज आजच लिहा. नोंदवहीत झाडाचं नाव, गट नंबर, घेर आणि माहिती सांगणाऱ्या आजीचं नाव घालून घ्या, त्याखाली ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची सही आणि शिक्का घ्या. मग सही-शिक्क्याच्या त्या पानाचा फोटो तुमच्या सगळ्या पानांवर टाका, आणि शेजारच्या गावाला विचारा, तुमच्या झाडाचं पान कुठं आहे?